जादूच्या जुन्या मासिकांची डिजिटल आवृत्ती निवडताना : नवोदितांसाठी मार्गदर्शक

काही वर्षांपूर्वी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका लेथ कारखान्यात पितळेची दुहेरी नळी करून घेतली. १९३०च्या दशकातील एका अमेरिकन जादू-मासिकात तिची आकृती होती आणि ते मासिक माझ्याकडे स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात होते. बाहेरच्या नळीचा व्यास तीन इंच आणि आतल्या नळीचा दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच, असे मी मिस्त्रींना कागदावर लिहून दिले. त्यांनी काम चोख केले; परंतु नळी हाती आल्यावर रुमाल तिच्यात अडकून बसू लागला. पुढे त्याच अंकाची दुसरी, स्वच्छ प्रत पाहायला मिळाली, तेव्हा तिथे पाच अष्टमांश नसून तीन अष्टमांश असल्याचे दिसले. पुसट स्कॅनमध्ये तिनाच्या आकड्याचे वरचे टोक पाचासारखे भासत होते. दोन नळ्यांमध्ये चहूबाजूंनी साधारण आठ मिलिमीटर पोकळी हवी होती, ती पाचाच्याही आत आली. (ती पोकळी कशासाठी, हे येथे सांगणार नाही, जाणकारांना सांगायची गरज नाही.)

ती पीडीएफ मी एका मोठ्या संचातून घेतली होती. ‘हजारो पाने, अत्यल्प किंमत’ एवढेच पाहून मी तो संच विकत घेतला होता, आणि त्यातील एकही पान आधी मोठे करून पाहिले नव्हते. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या भागांतील हातचलाखी शिकणाऱ्या तरुण मंडळींकडून गेल्या काही वर्षांत मला सातत्याने एकच प्रश्न येतो : जुनी मासिके घ्यायची आहेत, कोणती घेऊ आणि कुठून घेऊ? त्याचे सविस्तर उत्तर पुढे क्रमाने देत आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- किमान दहा इंची पडद्याचा टॅब्लेट किंवा लॅपटॉप. मोबाइलवर दोन स्तंभांत छापलेले पान वाचणे ही डोळ्यांना शिक्षा आहे.
- संपूर्ण फोल्डरमधील सर्व पीडीएफमध्ये एकाच वेळी शब्द शोधता येईल असे वाचक-सॉफ्टवेअर.
- परदेशी व्यवहार सुरू केलेले डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक.
- दोन स्वतंत्र हार्ड डिस्क, अथवा एक हार्ड डिस्क आणि क्लाउडवरील जागा.
- इंच आणि मिलिमीटर या दोन्ही खुणा असलेली पोलादी पट्टी.
- एक वही. स्प्रेडशीट येत असल्यास उत्तम, न आल्यास वहीने काही अडत नाही.
- एखाद्या संस्थेचे सभासद होऊन तिचे अंक मिळवायचे असतील, तर ओळखपत्र. काही संस्थांना त्याखेरीज जुन्या सभासदाची शिफारसही लागते.

१. आपला प्रश्न आधी लिहून काढा

‘मला जुनी मासिके हवी आहेत’ हा प्रश्न नव्हे, ही हौस झाली. हौसेलाही माझी हरकत नाही, पण तिला अंत नसतो आणि पैशांना असतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, ‘शाळेतील स्नेहसंमेलनात तीनशे मुलांसमोर करता येतील असे रंगमंचीय प्रयोग हवे आहेत’, किंवा ‘पत्त्यांची एक विशिष्ट फिरकी प्रथम कुणी छापली, ते पाहायचे आहे’, किंवा ‘परदेशी जादूगारांनी भारतीय दोरखंडाच्या खेळाविषयी काय लिहिले, ते वाचायचे आहे’.

या तीन प्रश्नांसाठी तीन वेगळी मासिके लागतात. तिसऱ्या प्रश्नाचेच पाहा. आकाशात उभा राहणारा दोर आणि त्यावर चढून अदृश्य होणारा मुलगा ही कथा पाश्चात्त्य जगात पसरली ती प्रामुख्याने १८९० साली शिकागोतील एका वृत्तपत्राने छापलेल्या बातमीमुळे. ती बातमी रचलेली असल्याची कबुली त्याच वृत्तपत्राने काही महिन्यांत दिली, पण तोवर कथा जगभर पोहोचली होती. पुढे १९३४ मध्ये लंडनच्या मॅजिक सर्कल या संस्थेच्या समितीने हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्यास ५०० गिनींचे बक्षीस देऊ केले. म्हणजे या विषयासाठी तुम्हाला त्या काळातील ब्रिटिश नियतकालिके लागतील, अमेरिकन पत्त्यांच्या खेळांची मासिके उपयोगी पडणार नाहीत. प्रश्न लिहिलेला असेल, तर हे पैसे खर्च होण्यापूर्वी लक्षात येते.

२. मुख्य नियतकालिकांची तोंडओळख करून घ्या

संपूर्ण यादी येथे देत नाही, कारण ती शेकड्यांत जाते. नवोदिताला ज्यांची नावे वारंवार भेटतील तेवढीच घेतो.

न्यूयॉर्कचे ‘महात्मा’ हे १८९५ मध्ये निघाले आणि १९०६ पर्यंत चालले; नाव आपल्या कानांना ओळखीचे वाटले तरी मजकूर पूर्णपणे अमेरिकन आहे. लंडनमध्ये एलिस स्टॅनियन यांचे ‘मॅजिक’ १९०० ते १९२० या काळात निघत असे. ‘द स्फिंक्स’ हे मार्च १९०२ मध्ये सुरू झाले आणि १९५३ पर्यंत निघाले. त्याच्या अखेरच्या सुमारे तेवीस वर्षांचे संपादन जॉन मलहॉलंड यांनी केले. एकाच नियतकालिकात अर्धशतकाचा इतिहास पाहायचा असेल, तर मी याच्याकडे बोट दाखवीन. हॅरी हुडिनी यांनी स्वतः सप्टेंबर १९०६ पासून दोन वर्षे ‘कंज्युरर्स मंथली मॅगझिन’ चालवले. ते वाचताना संपादकाचे रागलोभ मजकुरात किती उतरतात हे पानोपानी दिसते, त्यामुळे त्यातील इतर जादूगारांविषयीची विधाने तशीच्या तशी स्वीकारू नयेत.

मनकवडेपणाच्या, म्हणजे मेंटलिझमच्या प्रयोगांत रस असेल, तर थिओडोर ॲनेमन यांच्या ‘द जिंक्स’पासून सुरुवात करावी. १९३४ ते १९४१ या काळात त्याचे १५१ क्रमांकित अंक निघाले. त्यानंतर १९४२ मध्ये ‘द फिनिक्स’ सुरू झाले आणि १९५४ पर्यंत त्याचे ३०० अंक झाले. जीन ह्युगार्ड यांचे मासिक १९४३ ते १९६५ या काळातील आहे. इंग्लंडात हॅरी स्टॅन्ली यांचे ‘द जेन’ १९४५ ते १९७० पर्यंत चालले. तर गुडलिफ यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले ‘अब्राकाडाब्रा’ हे साप्ताहिक २००९ पर्यंत निघत राहिले आणि त्याच्या अंकांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. हा शेवटचा संच नवोदिताने एकरकमी घेऊ नये, एवढेच सांगतो. तीन हजार साप्ताहिके विकत घेणे सोपे असते, उघडून वाचणे नसते.

‘जिनी’ हे सप्टेंबर १९३६ मध्ये सुरू झालेले अमेरिकन मासिक, तसेच इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ मॅजिशियन्सचे ‘द लिंकिंग रिंग’ आणि सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचे ‘एम-यू-एम’ ही संस्थांची मुखपत्रे दीर्घकाळ टिकली. ‘लिंकिंग रिंग’मधील ‘परेड’ हा विभाग मला विशेष उपयुक्त वाटतो, कारण त्यात एकाच जादूगाराचे अनेक प्रयोग एकत्र मिळतात आणि त्याची विचार करण्याची रीत कळते.

३. अंकापूर्वी सूची पाहा

बहुतेक नवोदित आधी संच विकत घेतात आणि मग त्यात काय आहे ते शोधतात. हा क्रम उलटा करावा. जर्मन जादूगार डेनिस बेहर यांनी तयार केलेला ‘कंज्युरिंग आर्काइव्ह’ हा सूचीसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. एखादा प्रयोग कोणाचा, कोणत्या पुस्तकात वा नियतकालिकात आणि कोणत्या पृष्ठावर आहे, हे त्यात शोधता येते. ‘मॅजिकपीडिया’ या कोशात नियतकालिकांचे संपादक आणि त्यांचा कालावधी सापडतो. न्यूयॉर्कच्या कंज्युरिंग आर्ट्स रिसर्च सेंटरचा ‘आस्क अलेक्झांडर’ हा शोधसंग्रह तर पुस्तकांच्या आणि मासिकांच्या प्रत्यक्ष मजकुरात शब्द शोधून देतो.

पहिल्या पायरीतील प्रश्न या सूचींना विचारा आणि जी नावे पुन्हा पुन्हा समोर येतील ती वहीत लिहा. माझ्या अनुभवात, दहापैकी सहा-सात नोंदी एखाद्या-दुसऱ्या नियतकालिकाच्या चार-पाच वर्षांतच सापडतात. तेव्हा तेवढेच खंड घ्यावेत.

४. आवृत्तीचा प्रकार ओळखा

डिजिटल आवृत्ती या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे निव्वळ छायाचित्रांची पीडीएफ. तिच्यात पान दिसते, पण शब्द शोधता येत नाही. दुसरी म्हणजे छायाचित्रामागे यंत्राने ओळखलेला मजकूर दडवलेली पीडीएफ, म्हणजे ओसीआर केलेली. तिच्यात मूळ पानही दिसते आणि शोधही घेता येतो. तिसरी म्हणजे मजकूर नव्याने जुळवून तयार केलेली, बहुधा ईपब स्वरूपातील आवृत्ती. ती मोबाइलवर सुरेख वाचता येते. मात्र तिच्यात मूळ पृष्ठक्रमांक, जाहिराती आणि आकृत्यांची मूळ जागा नाहीशी होते, आणि ‘आकृती ४ पाहा’ म्हटल्यावर आकृती ४ कुठे गेली ते कळत नाही. सूचीतील पृष्ठक्रमांकही तिच्यात जुळत नाहीत. नवोदिताने दुसरा प्रकार घ्यावा.

याशिवाय काही आवृत्त्या एखाद्या ठरावीक ॲपमध्येच उघडतात. ते ॲप बंद पडले, म्हणजे विकत घेतलेले अंकही गेले. त्यामुळे फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. फाइलवर खरेदीदाराचे नाव छापलेले असेल, तर त्यात वावगे काही नाही. तो विक्रेत्याचा रास्त बंदोबस्त आहे.

५. नमुना पानाची कसून परीक्षा घ्या

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत कोणते घ्यायचे हे माहीत असावे लागते. विक्रेते नमुना म्हणून मुखपृष्ठ दाखवतात. मुखपृष्ठ नेहमीच चांगले दिसते. ते पाहून काहीही ठरवू नये. छायाचित्रे असलेले आतले एक पान, रेखाकृती आणि मापे असलेले एक पान आणि जाड खंडाच्या मध्यावरचे एक पान, अशी तीन पाने मागावीत. जो विक्रेता तीन पाने दाखवण्यास नकार देतो, त्याच्याकडून मी आता खरेदी करत नाही.

पहिले पान दोनशे टक्के मोठे करून पाहा. जुन्या छापील छायाचित्रांत करड्या छटा लहान-लहान ठिपक्यांनी साधलेल्या असतात. असे पान निव्वळ काळ्या-पांढऱ्या रंगात स्कॅन केले, तर ते ठिपके एकमेकांत मिसळतात आणि हाताच्या जागी काळा डाग उरतो. मी एकदा पत्ता तळहातात धरण्याच्या पद्धतीचे छायाचित्र अशा आवृत्तीत पाहिले. पत्त्याचा पांढरा कोपरा स्पष्ट दिसत होता, पण करंगळीचे पेर त्या कोपऱ्याला टेकले आहे की त्याखाली दुमडले आहे, हेच कळत नव्हते. आणि त्या प्रयोगाचे सारे रहस्य तेवढ्या करंगळीत होते. नखांच्या कडा आणि बोटांची पेरे वेगवेगळी दिसत असतील, तर स्कॅन करड्या छटांत किंवा रंगीत केलेले आहे आणि ते चालेल. छायाचित्रावर लाटांसारखी नक्षी उमटलेली असेल, तर मूळ स्कॅन लहान करताना ठिपक्यांचा गोंधळ झालेला आहे.

दुसऱ्या पानावर अपूर्णांक पाहा. तीन अष्टमांश, पाच अष्टमांश, सात अष्टमांश हे आकडे अतिशय बारीक टाइपात छापलेले असतात. मजकुरासाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके, पुरते. बारीक आकड्यांच्या आकृत्यांना ६०० असल्यास बरे. माझी ती पीडीएफ याच परीक्षेत नापास झाली असती आणि पितळ वाचले असते.

तिसऱ्या पानावर आतली कड पाहा. बांधीव खंड पूर्ण न उघडता स्कॅन केला, तर शिवणीकडची अक्षरे वळणात जातात आणि प्रत्येक ओळीची पहिली किंवा शेवटची दोन अक्षरे गायब होतात. महायुद्धाच्या काळात इंग्लंडात कागदावर नियंत्रण होते आणि अंक पातळ कागदावर निघत. त्यांत मागच्या पानावरील छपाई पुढे उमटलेली दिसते. तो दोष थोडाफार सोसावा लागतो.

फाइलच्या आकारावरूनही अंदाज येतो. चारशे पानांचा खंड जर पंधरा एमबीत बसवलेला असेल, तर एका पानाच्या वाट्याला चाळीस केबीसुद्धा येत नाहीत. एवढ्या जागेत काळी-पांढरी अक्षरे राहतात, छायाचित्रे राहत नाहीत. पत्त्यांच्या मजकूरप्रधान पत्रिकेसाठी हे चालून जाईल; रंगमंचीय साहित्याच्या सचित्र मासिकासाठी चालणार नाही.

आता शोधाची परीक्षा. इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली, की यंत्र त्यांना बऱ्याचदा एम समजते. त्यामुळे ‘कॉर्नर’ हा शब्द मजकुरात ‘कमर’ होऊन बसतो आणि ‘टर्न’ शोधल्यास सापडत नाही. पत्त्यांच्या लेखनात हे दोन्ही शब्द पानागणिक येतात. म्हणून नमुना पानावर डोळ्यांनी ‘कॉर्नर’ किती वेळा आला ते मोजा, मग यंत्राला शोधायला सांगा. आठपैकी सात सापडले, तर ओसीआर उत्तम. आठपैकी तीन सापडले, तर शोधाची सोय नावापुरतीच आहे. दोन स्तंभांच्या पानावरील थोडा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवूनही पाहावा. डाव्या स्तंभाची ओळ संपताच उजव्या स्तंभाची ओळ सुरू होत असेल, तर यंत्राने पान आडवे वाचले आहे.

ही सारी परीक्षा वीस मिनिटांची आहे.

६. संच खरोखर पूर्ण आहे का, ते मोजा

‘संपूर्ण संच’ हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. मी एकदा असा एक संच डीव्हीडीवर घेतला. फाइलींची संख्या जाहिरातीप्रमाणे अचूक होती. सहा महिन्यांनी कळले, की दोन फाइलींना वेगवेगळी नावे देऊन एकच अंक दोनदा घातला होता आणि एक अंक मुळातच नव्हता. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही. तेव्हापासून खरेदीच्या दिवशीच मोजणी करतो.

मोजणी करताना खंड आणि वर्ष यांची गल्लत होऊ देऊ नये. ‘स्फिंक्स’चा खंड मार्चमध्ये सुरू होतो, त्यामुळे १९२५ या एका वर्षाचे अंक दोन खंडांत विभागलेले असतात. ‘जिनी’ सप्टेंबरमध्ये सुरू झाल्याने तिथेही पहिला खंड दोन वर्षांवर पसरतो. ‘१९२५ साल पूर्ण’ आणि ‘खंड पूर्ण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; विक्रेता कोणती देत आहे, ते विचारावे.

जादा अंक हा दुसरा सापळा. ‘जिंक्स’चे १५१ क्रमांकित अंक मिळाले, म्हणजे सर्व मिळाले असे नाही. त्याचे उन्हाळी आणि हिवाळी जादा अंकही निघत असत आणि त्यांना या क्रमांकांत स्थान नाही. सुरुवातीला मासिक असलेले हे पत्र पुढे साप्ताहिक झाले, त्यामुळे महिन्यांवरून हिशोब करणाराही फसतो. सुदैवाने त्याचे पृष्ठक्रमांक अंकागणिक नव्याने सुरू न होता सलग चालतात. एका अंकाचे शेवटचे पान आणि पुढच्या अंकाचे पहिले पान जुळले, की मधले काही सुटलेले नाही याची खात्री होते. जिथे असे सलग क्रमांक आहेत, तिथे ही युक्ती सर्वांत भरवशाची.

तिसरी बाब मुखपृष्ठांची आणि जाहिरातींची. आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत बसून ज्यांनी मासिकांचे बांधीव खंड चाळले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत जगभर होती. खंड आटोपशीर व्हावा हा हेतू. असे खंड स्कॅन केले, की जाहिराती कायमच्या जातात. नवोदिताला वाटेल, जाहिराती कशाला हव्यात? पण एखादे साधन बाजारात प्रथम कधी आले, त्याची किंमत काय होती आणि ते कोण विकत होते, हे पुष्कळदा जाहिरातीतच सापडते. इतिहासाचा प्रश्न असेल, तर जाहिरातींसह असलेली प्रतच घ्यावी. केवळ प्रयोग शिकायचे असतील, तर त्यांच्यावाचून काही बिघडत नाही.

वार्षिक सूची आहे ना, तेही पाहावे. ती बहुधा खंडाच्या अखेरीस असते आणि सुटलेल्या पानांत तिचा नंबर पहिला लागतो.

७. हक्कांची बाजू समजून घ्या

जुने म्हणजे फुकट, हा गैरसमज आहे. अमेरिकेत त्या काळी प्रसिद्ध झालेल्या मजकुराला प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. ती पूर्ण झाल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून तो सर्वांसाठी खुला होतो. १९६३ पर्यंतच्या प्रकाशनांना अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावे लागे आणि ते न केलेले बरेच साहित्य आधीच खुले झाले आहे. परंतु कोणते झाले, हे एकेक तपासावे लागते. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे मोजतात, तर भारतात १९५७च्या कायद्यानुसार ६० वर्षे. एका अंकात वीस लेखक असतात, तेव्हा वीस मुदती असतात.

नवोदितासाठी व्यवहार्य मार्ग असा, की ‘महात्मा’, हुडिनींचे मासिक, ‘स्फिंक्स’चे सुरुवातीचे खंड यांसारखे जुने साहित्य इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्टसारख्या ग्रंथालयीन संग्रहांत आधी शोधावे. तेथे विनामूल्य मिळणाऱ्या प्रतींवर पाचव्या पायरीतील परीक्षांचा सरावही होतो. नंतरच्या काळातील अंक अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावेत. जादूच्या ई-पुस्तकांचे जुने दुकान असलेल्या लायब्ररी डॉट कॉमवर अनेक नियतकालिके मिळतात, मात्र तिच्या इंग्रजी नावात दुसरे अक्षर आय नसून वाय आहे. काही संस्था आणि मासिके वर्गणीदारांना जुन्या अंकांचा साठा उघडून देतात, तेव्हा चालू वर्गणी भरणे हे जुना संच घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

मेसेंजरच्या गटांवर फिरणारे चाळीस जीबींचे ‘खजिने’ घेऊ नयेत. कायद्याचा प्रश्न आहेच. शिवाय त्या खजिन्यांत सूची नसते, फाइलींची नावे मोडलेली असतात आणि कोणती प्रत कुठून आली याचा पत्ता नसतो.

८. पैसे भरताना

नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. खरेदीपुरती मर्यादा ठेवावी आणि खरेदी होताच व्यवहार पुन्हा बंद करावेत, कारण परदेशी दुकाने पुष्कळदा ओटीपी न विचारताच रक्कम वळती करून घेतात. डॉलरच्या दराखेरीज बँक परकीय चलनाचे शुल्क लावते. ते साडेतीन टक्के असेल, तर त्यावरील १८ टक्के जीएसटी धरून शंभर रुपयांमागे चार रुपये तेरा पैसे होतात. पावतीची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. दुकानाने पुढे पुन्हा उतरवून घेण्याची सोय दिली, तर तिच्यासाठी पावती क्रमांक लागतो.

९. साठवण

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शाहूपुरीतील आमच्या एका स्नेह्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरले. त्यांच्या ट्रंकेतील छापील अंक दोन दिवस पाण्यात होते. चकचकीत कागदाची पाने एकमेकांना अशी चिकटली, की खंड विटेसारखा झाला. त्या ट्रंकेतच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच अंकांची डीव्हीडी आणि हार्ड डिस्कही ठेवलेली होती. म्हणून दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन घरांत ठेवाव्यात, त्यांपैकी एक पूररेषेबाहेर.

फाइलींना नाव देताना नियतकालिक, वर्ष, महिना, खंड, अंक हा क्रम पाळावा आणि महिना अंकात, तोही दोन आकडी लिहावा. म्हणजे संगणक त्या आपोआप क्रमाने लावतो. मूळ फाइलमध्ये काहीही बदलू नये. खुणा आणि टिपा दुसऱ्या प्रतीत कराव्यात.

१०. पानावरून प्रयोगाकडे जाताना

जुन्या अंकांतील सर्व मापे इंचांत असतात. अमेरिकन पोकर पत्ता अडीच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. आपल्या बाजारात मिळणारे पत्ते आकाराने आणि कागदाने वेगळे असू शकतात, तेव्हा साधन करण्यापूर्वी ते पट्टीने मोजावेत. नाण्यांच्या खेळांत ‘हाफ डॉलर’ येतो; त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर आहे, तर आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे. सुमारे साडेतीन मिलिमीटरचा हा फरक तळहातात जाणवतो, लपवण्याची पकड त्यानुसार बदलावी लागते.

रसायनांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. त्या काळातील लेखांत फॉस्फरस, पारा, पेट्रोल, कार्बन टेट्राक्लोराइड यांचा उल्लेख जणू हळद-तिखटासारखा सहज येतो. ते लेख इतिहास म्हणून वाचावेत आणि पान उलटावे. विशेषतः लहान मुलांसमोर आगीचे प्रयोग जुन्या अंकातील कृतीवरून करू नयेत.

साधन घडवून घ्यायचे असेल, तर कारागिराला संपूर्ण अंक पाठवू नये. त्यात इतरांची रहस्ये असतात आणि त्याला त्यांची गरजही नसते. आकृतीचे तेवढे एक पान छापून घ्यावे, प्रत्येक माप दुसऱ्या प्रतीशी पडताळावे, त्याखाली ते मिलिमीटरमध्ये लिहावे. माझी दुसरी नळी अशीच झाली. राजारामपुरीत पानाची मोठी झेरॉक्स काढली, ‘दोन पूर्णांक तीन अष्टमांश’च्या शेजारी ६०.३ असे लिहून त्याभोवती लाल बॉलपेनने गोल केला आणि मिस्त्रींना विचारले, हा आकडा काय दिसतो? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडाकडे धरला आणि वाचला, “साठ पॉइंट तीन.” मग लेथ सुरू केले.